अमेरिकेत शाळकरी पोराला हरणाच्या शिकारीसाठी कोणती रायफल देतात? आणि तो व्हिडिओ पाहून आपल्याकडे काय करू नये

दिवाळीच्या आगेमागे मोबाइलवर एका प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरतात. अमेरिकेतला बारा-तेरा वर्षांचा पोरगा, अंगात भडक नारिंगी जाकीट, हातात दुर्बीण बसवलेली रायफल, शेजारी बाप आणि समोर पडलेलं हरीण. तिकडे अनेक राज्यांत नोव्हेंबर हा रायफलने हरीण मारायचा मुख्य हंगाम, म्हणून हे व्हिडिओ याच दिवसांत वाढतात.

मग पारावर दोन प्रश्न निघतात. एवढ्याशा पोराला बंदूक झेपते कशी? आणि तिकडे चालतं तर इकडे का नाही? इकडे तर हरणं ज्वारीचा कोंब वर येऊ देत नाहीत. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा असतो आणि त्यामागचं सगळं त्यात दिसत नाही.

कॅलिबर म्हणजे काय?

कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाची, म्हणजेच साधारण गोळीची जाडी. अमेरिकेत ती इंचात मोजतात. 'पॉइंट २४३' म्हणजे इंचाचे ०.२४३, साधारण ६ मिलिमीटर. 'पॉइंट ३०' म्हणजे ७.६२ मिलिमीटर.

आपल्याकडच्या बारा बोअरचा हिशेब वेगळा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून तिथे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असते.

पण नुसत्या जाडीवरून ताकद कळत नाही. गोळीमागे काडतुसात दारू किती आणि गोळीचं वजन किती, हेही बघावं लागतं. पॉइंट २२ ही निशाणेबाजी शिकायची छोटी गोळी आणि पॉइंट २२३ ही लष्करी जातीची वेगवान गोळी. दोन्हींची जाडी जवळपास सारखी, ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

खरा प्रश्न खांद्याचा

गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक तेवढ्याच जोराने मागे येते आणि खांद्यावर बसते. हा धक्का मोठ्या माणसाला सोसतो, चाळीस किलोच्या पोराला सोसत नाही. १६ लिटरचा फवारणी पंप गडी माणूस दिवसभर पाठीवर घेतो, तोच पोराच्या पाठीवर दिला तर दुसऱ्या ओळीत त्याची चाल बिघडते. तसंच हे आहे.

धक्क्यापेक्षा धक्क्याची भीती वाईट. एकदा खांदा सडकून निघाला की पुढच्या वेळी घोडा दाबायच्या क्षणी पोरगं डोळे मिटतं आणि बंदुकीला हिसका देतं. नेम चुकतो, गोळी पोटात किंवा पायात लागते. हरीण जखमी होऊन झाडीत शिरतं आणि तासन् तास तडफडून मरतं. चांगला शिकारी तिकडे याला लाज मानतो. म्हणून तिथले जाणते लोक सांगतात, की मोठी गोळी चुकीच्या जागी लागण्यापेक्षा लहान गोळी नेमक्या जागी लागलेली बरी.

मग कोणती गोळी?

तिकडची शेपटीखाली पांढरी असलेली हरणं मारायला पोरासाठी सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते पॉइंट २४३ विंचेस्टरचं. ही गोळी १९५५ मध्ये बाजारात आली. हरणासाठी तिचं वजन ८० ते १०० ग्रेन, म्हणजे साधारण ५ ते साडेसहा ग्रॅम. तिकडचं जुनं नावाजलेलं काडतूस म्हणजे ३०-०६, जे १९०६ साली लष्करासाठी निघालं. त्याच्या तुलनेत पॉइंट २४३ चा धक्का जवळपास निम्मा. उणीव एवढीच, की गोळी हलकी असल्याने नेम नीट लागला पाहिजे आणि अंतर बेताचं हवं.

त्याच्या थोडं वर दोन नावं येतात. १९८० मधली सात मिलिमीटर-०८ रेमिंग्टन आणि २००७ मधली साडेसहा मिलिमीटर क्रीडमूर. यांची गोळी अंमळ जड, तरी धक्का आवाक्यातला. पोरगं चौदा-पंधराचं आणि अंगाने भरलेलं असेल तर बाप बहुधा यातली घेतो. ती मोठेपणीही चालते, दुसरी घ्यावी लागत नाही.

दाट झाडीत, जिथे शंभर-सव्वाशे पावलांपलीकडे दिसतच नाही, तिथे १८९५ पासून चालत आलेली ३०-३० अजून वापरात आहे. पॉइंट २२३ चा धक्का सगळ्यात कमी, पण हरणासाठी ती कमी पडते असं काही राज्यांचं मत. काही राज्यांत ती चालते, काहींत नाही. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी रायफल किमान पॉइंट २४ कॅलिबरची आणि हरणासाठी गोळी किमान ७० ग्रेनची लागते.

बंदुकीचं मापही बघतात. दस्ता लांब असला तर पोराची मान ताणते आणि डोळा दुर्बिणीच्या रेषेत येत नाही, म्हणून आखूड दस्त्याच्या रायफली मिळतात. इथे एक गोम आहे. बंदूक हलकी केली की धरायला सोपी होते, पण धक्का जास्त बसतो. त्यामुळे पोरासाठी मुद्दाम हलकी केलेली रायफल आणि वर मोठं काडतूस, हे सगळ्यात वाईट जुळणं. सराव आधी पॉइंट २२ वर होतो, कानाला आवाज अडवणारे मफ लावून. कारण धक्क्याइतकाच आवाजही पोराला बिचकवतो.

बंदुकीच्या आधी परीक्षा

व्हिडिओत न दिसणारा भाग हाच. कोलोरॅडोत १२ वर्षांच्या आत मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. १२ ते १५ वर्षांच्या पोराबरोबर मोठं माणूस नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात असावंच लागतं. शिकारी शिक्षणाचा कोर्स केल्याचा दाखला लागतो आणि १९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ही अट आहे. बंदूक कुठे रोखायची नाही, गोळीच्या मागे काय आहे ते आधी कसं बघायचं, हे या कोर्सात शिकवतात. भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे, कारण झाडीतला दुसरा शिकारी माणसाला हरीण समजू नये.

परवाना किती हरणांचा, नर की मादी, कोणत्या भागात, कोणत्या तारखांना, हे सगळं ठरलेलं असतं. अनेक राज्यांत पोरांसाठी मुख्य हंगामाच्या आधी वेगळे दोन-चार दिवस ठेवतात.

ओहायोसारख्या राज्यात तर लांब पल्ल्याच्या रायफली हरणासाठी चालतच नाहीत. हा मुलूख आपल्यासारखाच सपाट शेतीचा, वस्त्या जवळजवळ. रायफलची चुकलेली गोळी मैलाच्या पुढे जाऊ शकते. म्हणून तिथे कमी पल्ल्याची छऱ्याची बंदूक किंवा ठरावीक सरळ काडतुसंच वापरता येतात.

तिकडे चालतं ते का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीने अमेरिकेतही ही हरणं संपत आली होती. अवघी काही लाख उरली. मग बाजारासाठी मारण्यावर बंदी आली, हंगाम ठरले. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आज तिथे या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानतात. त्यांना खाणारे लांडगे बऱ्याच भागांतून गेले, म्हणून संख्या आटोक्यात ठेवायला सरकारच शिकारीचे परवाने देतं.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. माळावर दिसतं ते काळवीट किंवा चिंकारा. शास्त्राप्रमाणे ते तिकडच्या हरणाच्या कुळातलेही नाहीत. त्यांची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. काळवीट एकेकाळी देशभर कळपाने होतं. आज त्याच्यासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी आणि वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अशी अभयारण्यं राखावी लागली.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीला किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं तुरुंग आणि किमान २५ हजार रुपये दंड. चितळ, सांबर, भेकर यांनाही संरक्षण आहे.

या कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. पकडण्यासाठी पाठलाग करणं, कुत्री घालणं, फास लावणं, आमिष किंवा विष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. राखणीला बसून हाकारे घालणं वेगळं. रीलसाठी कुत्री घेऊन हरणामागे लागणं वेगळं, आणि ते रील म्हणजे स्वतःच तयार करून दिलेला पुरावा. १९९८ च्या जोधपूरच्या काळवीट प्रकरणात नामांकित सिनेनटाला २०१८ मध्ये ५ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. जामीन, अपील पुढे झालं, पण वीस वर्षांनीही खटला सुटला नाही. पैसेवाल्याची ही गत, तर दोन एकरवाल्याचं काय, याचा विचार व्हावा.

बंदुकीबाबत शस्त्र कायदा १९५९ आहे. २१ वर्षांखालच्याला परवाना मिळत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षं आणि गावठी बनवल्यास किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पीक संरक्षणासाठी मिळणारा परवाना हा बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. रोही आणि रानडुक्कर पिकाला फार त्रास देत असतील, तर वन विभागाकडून लेखी परवानगी मागता येते. काळविटासाठी पिकाच्या नुकसानीचं कारण चालत नाही.

पीक खाल्लं तर काय करायचं?

राग खरा असतो. पेरलेलं एका रात्रीत साफ होतं आणि पुन्हा पेरायला पैसा नसतो. पण त्यावर सरकारी भरपाईची तरतूद आहे. रानडुक्कर, रोही, गवा, माकड यांच्याबरोबर हरणाने केलेलं नुकसानही त्यात धरलं जातं.

नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. सातबारा, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स जोडावी. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढावेत. खुरांचे ठसे, लेंड्या, खाल्लेलं पीक आणि ओळखीची बांधाची खूण त्यात यावी. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नये. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

कुंपणाच्या तारेत घरचा चालू करंट सोडणं हा उपाय नाही. त्यात हरणाआधी माणूस, गुरं आणि स्वतःच्या घरचं लेकरू जाऊ शकतं, आणि गुन्हा अटळ. कमी धक्क्याचं सौर झटका यंत्र वेगळं. ते घ्यायचं तर त्यावर अनुदान आहे का, हे कृषी सहायकाला किंवा वन कार्यालयात विचारावं.

अमेरिकेतल्या बापाने पोराच्या हाती पॉइंट २४३ देण्याआधी वय, कोर्स, परवाना, हंगाम आणि राज्याचा नियम हे सगळं पाहिलेलं असतं. व्हिडिओत दिसते ती शेवटची पायरी. आपल्याकडे हरणापर्यंत जाणारा तो जिनाच नाही. ज्या पोरांना नेमबाजीची हौस आहे, त्यांनी रायफल क्लब गाठावा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक आणलं, तेही निशाण्यावर नेम धरूनच.