मुसक्या आवळल्या, अगदी दोरानं

हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारसारख्या शेतकरी गावात दुकानात नुसता दोर मागून भागत नाही. दावं हवं, कासरा हवा की वेसण, ते सांगावं लागतं. वर्तमानपत्रांचं मात्र वर्षानुवर्षं एकाच दोरावर चाललंय: पोलिसांनी आरोपीच्या ‘मुसक्या आवळल्या’. प्रत्यक्षात असतात बेड्या. मुंबईचे निवृत्त पोलीस अधिकारी मधुकर झेंडे यांच्या आठवणीत मात्र खरोखरचा दोर आहे. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराजला धरलं तेव्हा जवळ बेड्याच नव्हत्या, म्हणून हॉटेलातून दोर मागून त्याला बांधलं, असं ते सांगत आले आहेत.

ती रात्र ६ एप्रिल १९८६ ची, जागा गोव्यातल्या पर्वरीचं ‘ओ कोकेरो’ हॉटेल. गोवा तेव्हा केंद्रशासित होता आणि आपली हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात. त्याआधी १६ मार्चला शोभराज दिल्लीच्या तिहार तुरुंगातून निसटला होता. वाढदिवसाच्या नावाखाली त्यानं पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई चारली आणि दरवाजातून चालत बाहेर पडला. एकविसाव्या दिवशी तो सापडला.

दिल्लीपासून सगळे पोलीस त्याच्या मागावर असताना झेंडेच का? कारण त्यांनी हा माणूस आधी एकदा धरला होता. १९७१ मध्ये खबऱ्याची टिप आली आणि मुंबईत ताजमहाल हॉटेलाजवळ सापळा लावून त्यांनी शोभराजला उचललं. दिल्लीच्या अशोका हॉटेलातल्या जवाहिराच्या दुकानातली लूट त्याच्या नावावर होती. पुढं दिल्लीत अपेंडिक्स दुखतंय म्हणून तो इस्पितळात दाखल झाला आणि तिथून पळाला. मग थायलंड, नेपाळ, परदेशी पर्यटकांचे खून, आणि शेवटी पुन्हा भारतात सापडून तिहार. चोरलेल्या पासपोर्टांवर फोटो बदलून फिरणारा माणूस हा. कागदावर तो रोज वेगळा असे, त्यामुळे त्याला समोरासमोर पाहिलेला अधिकारी लाखमोलाचा होता.

दुसरा धागा टेलिफोनचा. आज मोबाइल टॉवरवरून माग काढतात. तेव्हा परदेशी फोन लावायची सोय मोजक्याच ठिकाणी असे. शोभराजला बाहेरच्या माणसांशी बोलावं लागणारच, आणि ओ कोकेरोमध्ये तशी सोय होती. मग तिथंच फिल्डिंग लागली. टॅक्सीतून टोपी घातलेली माणसं उतरली, झेंडेंनी चेहरा ओळखला, झडप घातली आणि नावानं हाक मारली.

ही झडप कायद्यातही बसते. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६ सांगतं की आरोपी शब्दानं किंवा कृतीनं स्वाधीन झाला नाही, तर त्याच्या शरीराला प्रत्यक्ष हात लावून किंवा त्याला अडकवूनच अटक होते. मुंबईचा पोलीस गोव्यात कसा, याचं उत्तर कलम ४८ मध्ये आहे. वॉरंटविना धरता येईल अशा माणसाचा पाठलाग पोलिसाला देशात कुठंही करता येतो.

आता नाजूक भाग. शोभराजला सापडायचंच होतं, असं अनेकजण म्हणतात. थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचे गुन्हे होते, तिथं मृत्युदंडाची टांगती तलवार होती, आणि तिथल्या वॉरंटची मुदत वीस वर्षांची. तिहारची शिक्षा संपली असती तर त्याला थायलंडच्या ताब्यात दिलं जाण्याची भीती. पळाला, पुन्हा सापडला, भारतातला मुक्काम वाढला. १९९७ च्या फेब्रुवारीत सुटला तेव्हा थायलंडची मुदत उलटून गेली होती आणि पुढं गडी फ्रान्सला गेला.

म्हणून झेंडेंची कामगिरी हलकी ठरते का? मला नाही तसं वाटत. सापडायचंच असेल तर माणूस ठाण्यात जाऊन उभा राहतो. रात्री टोपी घालून हॉटेलात शिरत नाही. हिशेब त्याचा असेलही, पण त्या रात्री मनगट धरलं ते झेंडेंनी. आणि तो हिशेबी माणूस २००३ मध्ये आपण होऊन काठमांडूला गेलाच ना! तिथल्या १९७५ च्या खुनात जन्मठेप झाली आणि सुटला तो थेट डिसेंबर २०२२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी.

ओ कोकेरोमध्ये टेबलाशी पुतळा बसवला तो शोभराजचा. लोक त्याच्या शेजारी बसून फोटो काढतात. २०२५ मध्ये चिन्मय मांडलेकर यांनी या अटकेवर चित्रपट केला, मनोज बाजपेयी झेंडे झाले. त्यात शोभराजचं नाव बदलून कार्ल भोजराज केलंय. झेंडेंचं नाव मात्र तेच ठेवलंय, अगदी शीर्षकातसुद्धा: ‘इन्स्पेक्टर झेंडे’.