मेसेज ‘पाणी पूर्ण’चा, मग केळी का सुकतेय?

ज्यांना हा एपिसोड गाडीवर किंवा बसमध्ये नीट ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. ऐकताना आकडे निसटतात, वाचताना थांबता येतं.

असोदा म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात: बहिणाबाईंचं माहेर आणि भरताची वांगी. आज मात्र आपण इथल्या शिवारातल्या तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहोत. केळीच्या बागेतलं ड्रिप आणि त्याला जोडलेलं ऑटोमेशन. मोबाईलवरून मोटार चालू, ठरलेले लिटर झाले की आपोआप बंद, वर ‘पाणी पूर्ण’ असा मेसेज. शेतीची थ्री-फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री, तीही आठच तास. मग ही सोय कोणाला नको असेल?

प्रश्न असा आहे की या सिस्टीममध्ये काही बिघडलं, तर ते कळणार कसं? केळीची मुळं वरच्या थरात असतात. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना चार दिवस पाणी कमी पडलं, तर वर्षभराच्या मेहनतीचा घड बारीक राहतो.

इंजिनिअरिंगमध्ये यासाठी एक अख्खी शाखा आहे: फॉल्ट डिटेक्शन आणि डायग्नोसिस. डिटेक्शन म्हणजे ‘काहीतरी बिघडलंय’ हे ओळखणं. डायग्नोसिस म्हणजे ‘काय, कुठे, किती’ हे सांगणं. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, पण मलेरिया की टायफॉईड हे तो सांगत नाही. तसंच आहे हे.

पहिली पायरी: काय अपेक्षित आहे ते माहीत पाहिजे. समजा १७०० झाडं, प्रत्येकाला दोन ड्रिपर, एक ड्रिपर ताशी ४ लिटरचा. गुणाकार करा: ताशी १३,६०० लिटर. आता वॉटर मीटर खरोखर किती दाखवतो ते बघा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाला रेसिड्यूअल म्हणतात. फरक शून्याच्या आसपास असेल तर ठीक, वाढत गेला तर शंका घ्यायची.

दुसरी पायरी: एका आकड्यावर निकाल द्यायचा नाही. मीटरसोबत फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर बघा.

– पाणी वाढलं आणि फिल्टरनंतरचं प्रेशर पडलं: पुढे कुठेतरी पाईप फुटलाय.
– पाणी कमी, फिल्टरच्या आधी प्रेशर जास्त, नंतर कमी: फिल्टर चोक झालाय, बॅकवॉश करा.
– पाणी कमी, पण फिल्टरनंतरही प्रेशर वाढलेलं: ड्रिपर क्षारांनी बंद झालेत, किंवा एखादा व्हॉल्व्ह उघडलाच नाही.
– पाणी कमी आणि दोन्हीकडचं प्रेशर कमी: दोष मागे आहे. विहिरीची पातळी, व्होल्टेज किंवा पंप तपासा.

बघा, ‘पाणी कमी’ हे लक्षण तीन ठिकाणी आलं, पण कारणं तीन निघाली. प्रत्येक बिघाडाची आपली एक सही असते, आणि ती दोन-तीन आकडे शेजारी ठेवल्यावरच वाचता येते.

आता गंमत बघा. मीटर शून्य दाखवतोय, पण प्रेशर रोजचंच आणि मोटारीचे अँपिअरही रोजचेच. मग पाणी थांबलंय का? नाही. पाणी चालू आहे, मीटरच अडकलाय! म्हणजे ज्याच्याकडून आपण खबर घेतो, तो सेन्सरसुद्धा बिघडू शकतो. हे हलक्यात घेऊ नका. बोईंग ७३७ मॅक्स विमानांचे २०१८ आणि २०१९ मध्ये दोन अपघात झाले, ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक हवेत किती कोनात आहे हे मोजणारे सेन्सर दोन होते, पण नाक आपोआप खाली दाबणारी सिस्टीम एका वेळी एकाचंच ऐकत होती. त्याने चुकीचा कोन सांगितला आणि सिस्टीमने तो खरा मानला. साक्षीदार एकच असला की असं होतं.

तिसरी पायरी: वेळ. मोटार चालू झाल्यावर पहिली काही मिनिटं पाईप भरत असतात. तेव्हा पाणी जास्त आणि प्रेशर कमी, अगदी पाईप फुटल्यासारखंच. त्या वेळी सॉफ्टवेअरने बोंब मारायची नसते. सलग काही रीडिंग तशीच आली तरच अलर्ट द्यायचा. मर्यादा फार घट्ट ठेवली की रोज खोटे अलर्ट येतात आणि आठवड्यात शेतकरी नोटिफिकेशनच बंद करतो. फार सैल ठेवली तर खरा बिघाड सुटतो. हळू वाढणाऱ्या बिघाडासाठी रोजचा छोटा फरक साठवत जायचा. थेंबे थेंबे तळे साचे, तसं बिघाडाचंही साचतं.

आणि आता मुख्य मुद्दा. ऑटोमेशन स्वतःच बिघाड लपवतं.

समजा त्याच मोटारीवर तसेच दोन प्लॉट आहेत. प्रत्येकाला रोज ४०,८०० लिटर, म्हणजे झाडामागे २४ लिटर. सगळं ठीक असताना एका प्लॉटला तीन तास, दोघांना सहा तास लागतात. फिल्टर हळूहळू चोक होऊन पाणी पाऊणपट झालं. कंट्रोलर लिटर मोजतोय, त्यामुळे तो मोटार चार तास चालवतो आणि मेसेज पाठवतो: ‘पाणी पूर्ण’. दोन प्लॉटचे आठ तास! मेसेज खोटा नाही, पण लाईटची सगळी वेळ संपली. इथून पुढे फिल्टर थोडा जरी चोक झाला, तरी दुसऱ्या प्लॉटचं पाणी अर्धवट राहणार. बिघाड महिनाभर वाढत होता, मेसेज मात्र रोज सारखाच होता.

म्हणून सिस्टीमने काम केलं का, एवढंच विचारू नका. तेच काम करायला तिला आज किती जोर लावावा लागला, हेही विचारा. सर्व्हरच्या बाबतीत आम्हीही हेच बघतो: वेबसाईट उघडते का, यापेक्षा उघडायला किती वेळ लागतो.

घरी ड्रिप असेल तर आजपासून एक करा. फिल्टर साफ असतानाची चार रीडिंग मोबाईलमध्ये लिहून ठेवा: मीटरचा ताशी आकडा, फिल्टरच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर आणि एका प्लॉटला लागणारा वेळ. आठवड्यातून एकदा, मोटार चालू होऊन पाईप भरल्यावर, ती पुन्हा ताडून बघा. यासाठी नवं ॲप नको, नवा खर्च नको. निरोगी सिस्टीमचे आकडे हाताशी असले, तरच आजारी सिस्टीम ओळखता येते.

तुमच्याकडे कोणती सही दिसली ते कळवा. भेटू पुढच्या भागात!