आधी माल मोजला, मग गाडी घेतली

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. कराडहून साताऱ्याला आमचा फराळ आणि पापड निघाले होते. भाड्याचा टेम्पो, उघडा हौदा आणि वरून ताडपत्री. उंब्रजच्या पुढे पावसाने गाठलं. माल पोचला तेव्हा अकरा खोकी ओली झाली होती. दुकानदार भला माणूस, पण तोही म्हणाला, "ताई, सादळलेले पापड मी कुणाच्या गळ्यात मारू?" माल परत आला. आम्ही नऊ जणी काम करतो, आठवड्याची मजुरी त्या अकरा खोक्यांत बुडाली. त्या रात्री मी ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची.

मैत्रिणींनो, गाडी घ्यायची म्हटलं की सल्ल्यांना तोटा नसतो! आमचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, सात सीटची गाडी घ्या. मागच्या सीट काढल्या की माल, लावल्या की देवदर्शन." ह्यांचं म्हणणं, "घ्यायचीच तर मोठी पिकअप घेऊ. धंदा वाढणारच आहे." मला स्वतःला मारुतीची ईको कार्गो आवडली होती. बंदिस्त, सरकत्या दाराची, चालवायला कारसारखी. मुलांना शाळेत सोडणारी ओम्नी आपण सगळ्यांनी पाहिलेली. ती २०१९ साली बंद झाली, पण तशा व्हॅनवर आपला जीव असतोच.

मी तिघांचंही ऐकलं नाही. माझंसुद्धा नाही! आधी महिनाभर वही घातली. रोज किती खोकी गेली, किती किलो भरली, किती किलोमीटर झाले, कुठल्या रस्त्याने गेलो, सगळं लिहिलं. महिन्याच्या शेवटी वही बघितली आणि डोळे उघडले. एका फेरीला साधारण अडतीस खोकी, आणि वजन जेमतेम तीनशे किलो. पापड हलका, पण जागा केवढी खातो! मसाल्याचं उलटं, जागा थोडी आणि वजन भारी. म्हणजे माझा प्रश्न वजनाचा नव्हताच, जागेचा होता. गाडीवाले मात्र आधी किती टन नेते तेच सांगतात.

मग एक गंमत केली. शोरूममध्ये टेप घेऊन गेले, गाड्या आतून मोजल्या. घरी येऊन अंगणात खडूने तेवढे चौकोन काढले आणि त्यात खोकी रचली. व्हॅनच्या उंचीपर्यंत पंचवीस खोकीच बसली. म्हणजे एका फेरीच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या. माझी आवडती गाडी तिथेच बाद झाली, जरा वाईट वाटलं. टाटाची एस, म्हणजे २००५ साली आलेला आपला 'छोटा हत्ती', त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास लांब आणि पाच फुटांच्या आत रुंद. त्यावर बंद पेटी बसवली तर अडतीस खोकी आरामात बसून वर जागा उरत होती. वजन साधारण पाऊण टन नेतो, आम्हाला त्याच्या निम्म्यानेही काम भागतं. पेटीचं वजनही त्या पाऊण टनात धरावं लागतं, हे लक्षात ठेवा. मसालेवाल्या मैत्रिणींचं गणित मात्र वेगळं निघेल.

पिकअपचं काय? सव्वा टन आणि त्यापुढचा माल नेणारी ती गाडी आम्हाला दिवाळीत भरली असती आणि उरलेले अकरा महिने अर्धी रिकामी धावली असती. रिकाम्या जागेचाही हप्ता भरावा लागतो, बायांनो! गाडी दिवाळीसाठी नाही, आषाढातल्या साध्या दिवसासाठी घ्यायची. दिवाळीत चार फेऱ्या भाड्याने करू, पण या वेळी बंद टेम्पोने.

इंधनाचंही वहीनेच ठरवलं. आमचं धावणं आठवड्याला दोन-अडीचशे किलोमीटर. डिझेलची गाडी महाग पडते, ती रोज लांब पळणाऱ्याला परवडते. सीएनजी स्वस्त, पण पंपावरची रांग बघून या, आणि टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते. आम्ही पेट्रोल घेतलं. त्याआधी तीनशे किलो माल भरून पाटणच्या बाजूचा चढ चढवून पाहिला. शोरूमवाला कुरकुरला, पण मी हटले नाही. रिकामी गाडी कुणीही चढवेल!

आता भाऊजींच्या सात सीटबद्दल. खासगी नोंदणीच्या, पांढऱ्या पाटीच्या गाडीतून धंद्याचा माल नेला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. सीट काढून गाडीची रचना बदलायची तर आरटीओची परवानगी लागते. आपल्याला पिवळी पाटीच हवी. त्याचा बाऊ करू नका. गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असेल तर परमिट लागत नाही. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं, तो खर्च मात्र धरून ठेवा. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तुमची जीएसटी नोंदणी साधी असेल, कंपोझिशनची नसेल, तर मालवाहू गाडीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. आमचे पापड करमुक्त, मसाले करपात्र, म्हणून आम्हाला काही भागच मिळाला. गाडी बुक करण्याआधी सीएंना एकदा विचाराच.

कर्जाला मुद्रा योजनेचा आधार आहे. 'किशोर'मध्ये पाच लाखांपर्यंत आणि 'तरुण'मध्ये दहा लाखांपर्यंत, तारणाशिवाय. बँकेत साहेबांनी अर्ज पुढे केला आणि सहज म्हणाले, "मिस्टरांना सहीला आणा, गाडी त्यांच्याच नावावर ना?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हेही गप्प. धंदा माझ्या नावावर, उद्यम नोंदणी माझी, बचत गटात पै पै जमवलेले पैसे माझे, आणि गाडी तेवढी दुसऱ्याच्या नावावर? म्हटलं, "साहेब, माझ्याच नावावर. सही मीच करते." घरी येईपर्यंत दोघंही बोललो नाही. रात्री जेवताना हे म्हणाले, "बरोबर केलंस. मला सुचायला हवं होतं." एवढंच म्हणाले, पण माझ्या घशात घास अडकला.

राहता राहिला ड्रायव्हर. एका एजंटाने सांगितलं, पिवळ्या पाटीला वेगळं लायसन लागतं. चौकशी केली तर कळलं, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल दिला आहे. हलक्या वाहनाच्या लायसनवर एकूण ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. माझं लायसन होतंच, फक्त कपाटात पडून होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला गेले. रिव्हर्स घेताना घाम फुटायचा. मागे पेटी, काही दिसायचं नाही, सगळा भरवसा दोन आरशांवर.

आता आठवड्यातून तीन दिवस मी स्वतः जाते. साताऱ्याच्या त्याच दुकानात पहिल्यांदा गाडी उभी केली तेव्हा दुकानदाराने माझ्यामागे डोकावून विचारलं, "ताई, ड्रायव्हर कुठंय? माल उतरवून घ्यायचाय." म्हटलं, "ड्रायव्हर समोर उभी आहे. खोकी मोजून घ्या." त्याने मोजली. अडतीस, सगळी कोरडी.

तुम्हीही गाडीचा विचार करत असाल तर जाहिराती नंतर बघा. आधी एक वही आणि खडूचा एक तुकडा आणा.