रक्तांत उरलेली गव्हाची ओळख

तिंबलेल्या कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखालीं धुवीत राहिलें, तर पिठूळ पांढरा भाग वाहून जातो आणि हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो. हेंच ग्लूटेन. पोळी न तुटतां लाटली जाते व पाव फुगतो, तो याच्याच गुणानें. शंभरांतील सुमारें एका मनुष्यास मात्र तें बाधतें. लहान आंतड्याच्या आंतल्या बाजूस मखमलीच्या लवेसारखे जे अंकुर असतात ते झडून जातात, खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, मुलांची वाढ खुंटते, मोठ्यांस पांडुरोग जडतो. या विकारास सीलिअ‍ॅक म्हणतात. लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनीं १८८८ सालीं त्याचें वर्णन केलें; दोष गव्हाचा, हें मात्र विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानें १९५० च्या आपल्या प्रबंधांत दाखविलें.

उपाय एकच : गहूं, जव व राय जन्मभर वर्ज्य. आमच्याकडे ज्वारी, बाजरी व तांदूळ असल्यामुळें हें पथ्य सोपें वाटेल. पण बाजारांतील डबीबंद हिंगांतही बहुधा गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें, हें किती गृहिणींस ठाऊक असतें? इतकें कडक व्रत जन्मभर पाळावयाचें, तर रोग खरोखर आहे कीं नाहीं हें आधीं निश्चित व्हावयास नको काय?

अडचण नेमकी येथेंच आहे. रक्तांतील प्रतिद्रव्यें मोजणें आणि आंतड्याचा सूक्ष्म तुकडा तपासणें या दोन्ही परीक्षा रोगी गहूं खात असेल तेव्हांच विश्वसनीय ठरतात. पथ्य सुरू झालें कीं प्रतिद्रव्यें ओसरतात व अंकुर हळूहळू पुन्हां उगवतात. म्हणून ज्यानें आपल्याच मनानें गहूं सोडला व ज्यास बरें वाटूं लागलें, त्यास डॉक्टर सांगतात, "कांहीं आठवडे पुन्हां गहूं खा, मग तपासूं." पोटांतील मुरड्यानें पूर्वीं बेजार झालेला मनुष्य हें कसें मान्य करील? आनुवंशिक परीक्षेचाही उपयोग अर्धाच. डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे अनुकूल गुण कित्येक निरोगी माणसांतही आढळतात. ते नसले तर रोग बहुतेक नाहीं, एवढेंच त्यावरून कळतें.

तथापि शरीर आपला शत्रु विसरत नाहीं. ग्लूटेन ओळखणाऱ्या स्मृतिधारक टी-पेशी पथ्यानंतरही वर्षानुवर्षें टिकून राहतात. मात्र रक्तांतील लाखों पेशींत त्या इतक्या विरळ असतात कीं त्यांना शोधणें म्हणजे धान्याच्या कोठारांत एक खूण केलेला दाणा हुडकणें होय. ऑक्सफर्ड येथें रॉबर्ट अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांस तीन दिवस पाव खावयास दिला, तेव्हां सहाव्या दिवशीं या पेशी रक्तांत उतरलेल्या दिसल्या. हें संशोधन २००० सालीं प्रसिद्ध झालें. पण त्यांतही पाव खाणें आलेंच!

ऑस्लो येथील लुडविग सॉलिड यांच्या शाळेनें निराळी युक्ति योजिली. डीक्यू२ च्या रेणूवर ग्लूटेनचा तुकडा बसवावयाचा. एका रेणूची पकड सैल पडते म्हणून असे चार एकत्र बांधावयाचे व त्यांना चकाकणारा रंग जोडावयाचा. हें आमिष रक्तांत सोडलें कीं ग्लूटेन ओळखणाऱ्या पेशीच तेवढ्या त्यास चिकटतात. मग चुंबकीय कणांच्या साह्यानें त्यांना वेगळें काढून यंत्रानें मोजतां येतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत पथ्यावरील ६२ रोगी आणि रोग नसून गहूं टाळणारे १९ जण होते. शंभरीं ९७ रोगी व ९५ निरोगी अचूक ओळखले गेले, आणि कोणासही गव्हाचा एक घांस खावा लागला नाहीं!

निरोगी गटांत माणसें केवळ १९ होतीं, हें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे. शिवाय आमिष रोग्याच्या आनुवंशिक गुणाशीं जुळणारें लागतें, आणि हें काम निष्णात हातांवांचून होत नाहीं. म्हणून मेलबर्न येथील संशोधकांनीं सोपी वाट धरली : नळींतील रक्तांत ग्लूटेनचे तुकडे घालून ठेवावयाचे आणि या पेशी जागृत होऊन इंटरल्यूकिन-२ हें द्रव्य सोडतात कीं नाहीं तें पाहावयाचें. त्यांचे निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाले. गव्हाशीं व्हावयाची गांठ आतां रोग्याच्या पोटांत न होतां नळींत होते.