मोबाईल फोनची निगा : शेतकऱ्याच्या दप्तराचें रक्षण

पूर्वीं पीक पाहणीचें काम तलाठी करीत असत. हंगामांत ते शिवारांत फिरत आणि पिकाची नोंद गांव नमुना १२ मध्यें करीत. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि ही नोंद शेतकऱ्यानें आपल्या शेतांत उभें राहून, पिकाच्या छायाचित्रासह, मोबाईल फोनवरून करावी असें ठरलें. पीएम किसानची ई-केवायसी, बँकेचा व्यवहार, डिजिटल सात-बारा, अशा कित्येक कामांस फोनवर येणारा ओटीपी लागतो. सबब फोन हें आतां केवळ बोलण्याचें साधन राहिलें नसून शेतकऱ्याच्या दप्तराचाच तो एक भाग झाला आहे. नोंदणीची मुदत भरत आली असतां फोन बंद पडला, तर हंगामाची नोंद राहून जाते. आणि नोंद नसल्यास पुढें पीककर्ज किंवा नुकसानभरपाई यांच्या वेळीं अडचण येते. यास्तव आपल्या शिरोळ तालुक्यांतील ऊन, पाणी व विजेची स्थिति ध्यानांत घेऊन फोनची निगा कशी राखावी, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

बॅटरी. फोनचा सर्वांत आधीं झिजणारा भाग बॅटरी होय. ही लिथियम-आयन जातीची असते. १९९१ सालीं जपानांत ती प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या शोधाबद्दल २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक तिघां शास्त्रज्ञांस मिळालें. चार्ज करितांना लिथियमचे भारित कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात व फोन वापरतांना परत येतात. या येरझारींत कांहीं कण कायमचे अडकून पडतात, म्हणून वर्षानुवर्षें बॅटरीचा जीव कमी होत जातो. कित्येक फोनांच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर सुमारें ८० टक्के क्षमता उरावी अशा हिशेबानें बनविलेल्या असतात. दोन वेळां निम्मी निम्मी चार्ज केली तर ती एकच फेरी धरतात. म्हणून थोडें थोडें चार्ज केल्यानें बॅटरी बिघडते, ही समजूत खरी नव्हे. महिन्यांतून एकदां ती पूर्ण उतरवावी, हा सल्लाहि जुन्या निकेल जातीच्या बॅटऱ्यांचा होता. आतां तो पाळण्याचें कारण नाहीं.

ही झीज दोन गोष्टींनीं वाढते : एक उष्णता, आणि दुसरी, बॅटरी फार वेळ काठोकाठ भरलेली किंवा अगदीं रिकामी ठेवणें. म्हणून ती शक्यतों २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. पुष्कळ नव्या फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय सेटिंगमध्यें असते. ती घरांतील शिकत्या मुलाकडून चालू करून घ्यावी.

उष्णता. हवेचें उष्णमान ३५ अंशांवर गेलें म्हणजे फोनला तें मानवत नाहीं, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखांत तितकें ऊन नेहमींचेंच असतें. ट्रॅक्टरच्या टपाखालीं स्टिअरिंगपुढें, मोटारसायकलच्या टाकीवर, उघड्या बांधावर किंवा पत्र्याच्या मोटारघरांत फोन ठेवूं नये. उशीखालीं ठेवून चार्ज करूं नये. तापलेला फोन सावलींत ठेवून आपोआप निवूं द्यावा. फ्रीजमध्यें ठेवल्यास आंत दंव धरतें.

वीज. शेतीपंपाच्या लाईनवर वीज येते-जाते व दाब कमीजास्त होतो. म्हणून मोटारघरांतील तात्पुरत्या जोडणीवर फोन लावण्यापेक्षां घरच्या सॉकेटवर लावणें बरें. भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेलाच चार्जर घ्यावा. आकाशांत विजा कडाडूं लागतांच चार्जर सॉकेटमधून काढून ठेवावा.

पाणी व माती. रात्रीं उसाला पाणी पाजतांना फोनच्या उजेडावर दारें मोडण्याची संवय पुष्कळांना आहे. फोन पाटांत पडण्याची हीच वेळ. या कामाला वेगळी बॅटरी वापरावी, व फोन वरच्या उघड्या खिशांत न ठेवतां बटणाच्या खिशांत ठेवावा. फोनवर आयपी ६७ असें लिहिलेलें असलें, तरी त्याचा अर्थ एक मीटर स्वच्छ पाण्यांत अर्धा तास, इतकाच आहे; गढूळ पाण्याची किंवा खताच्या पाण्याची ती हमी नव्हे, आणि फोन जुना झाला म्हणजे तीहि कमी होते.

फोन भिजलाच तर तो ताबडतोब बंद करावा, सिमकार्ड काढावें, कोरड्या फडक्यानें पुसावा आणि वाऱ्यावर वाळूं द्यावा. पुरता वाळेपर्यंत चार्जर लावूं नये. तांदळांत पुरून ठेवण्याचा उपाय सर्वत्र सांगतात. परंतु त्यानें ओल फारशी ओढली जात नाहीं, उलट तांदळाचें पीठ भोकांत जातें. चुलीजवळ किंवा उन्हांतहि वाळवूं नये. युरियाचे किंवा फवारणीचे हात न धुतां फोन हाताळूं नये. क्षारानें धातूचे सांधे गंजतात.

पुराच्या दिवसांत. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम नृसिंहवाडीस असल्यानें २००५, २०१९ व २०२१ सालीं आपल्या तालुक्यानें महापूर पाहिला आहे. अशा वेळीं फोन हाच आधार असतो. पाणी वाढूं लागतांच फोन व पॉवर बँक भरून घ्यावी आणि दोन्ही प्लास्टिकच्या पिशवींत गांठ मारून ठेवावीं. टॉवर बंद पडला म्हणजे फोन सारखा रेंज शोधीत राहतो व बॅटरी लवकर उतरते. म्हणून तो विमान मोडमध्यें ठेवून ठरावीक वेळींच उघडावा. जरुरीचे नंबर कागदावरहि लिहून ठेवावे.

धोक्याची खूण. बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली, तर तो चार्ज करणें थांबवावें, दाबूं किंवा टोचूं नये, आणि दुकानांत बॅटरी बदलून घ्यावी. जुनी बॅटरी पाचटाबरोबर जाळूं नये. ती पेट घेऊन फुटते. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

शेवटीं एक गोष्ट. फोन कितीहि जपला तरी यंत्र तें यंत्र. \*#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय क्रमांक सात-बाराच्या कागदांसोबत लिहून ठेवावा; फोन हरवल्यास संचार साथी या सरकारी सेवेद्वारें तो बंद करवितांना हा क्रमांक लागतो. आधारला जोडलेला नंबर बंद पडूं देऊं नये. आणि पीक पाहणी मुदतीच्या पहिल्या आठवड्यांतच उरकावी; म्हणजे पुढें फोन दगा देवो की नदी, हंगामाची नोंद सुरक्षित राहील. शेतकरी बंधूंनीं एवढें केलें, तरी या निगेचें चीज झालें असें आम्हीं समजूं.