यशोगाथा छापण्याआधी

एमबीएची तयारी करणाऱ्यांच्या तोंडी सदा 'केस स्टडी' असते. आपल्या रोहिणखेडच्या बाजूला तिलाच 'यशोगाथा' म्हणतात. पत्रकावर शेतकऱ्याचा फोटो, खाली एकरी क्विंटलचा आकडा. वाचणारा एवढंच विचारतो, "त्याच्यापाशी विहीर हाये का?"

हा प्रश्न म्हणजेच ग्राहकाचा अभिप्राय. तो मजकुरात उतरला नाही तर काय होतं, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा गावाने दाखवलं. २००८ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत बातमी आली की बीटी कापसाने भांबराजा आणि अंतरगावची भरभराट झाली, तिथे आत्महत्या नाहीत. २०११ मध्ये तोच मजकूर पुन्हा छापला गेला, या वेळी प्रायोजित पान म्हणून. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला गेली, तेव्हा गावकऱ्यांनी गावात १४ आत्महत्या झाल्याचं सांगितलं. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे सगळं मांडलं. आता बीटीचं तंत्र काही खोटं नव्हतं, बोंडअळीवर ते चाललं. पण कोरडवाहू शेतीत उत्पन्न ठरवतो पाऊस, आणि भाव तर आपल्या हातात नाहीच.

मग अभिप्राय घ्यायचा कसा? "कसं वाटलं?" असं विचारलं की "चांगलं हाये" एवढंच उत्तर मिळतं (पाहुण्याला कोण वाईट सांगणार!). त्यापेक्षा विचारा: खर्च किती आला? कुठं अडलं? शेजाऱ्याने का नाही घेतलं? समजा, ठिबक संचाच्या पत्रकात 'उत्पन्न दुप्पट' लिहिलंय आणि शेतकरी म्हणतो, "नळ्या उंदरांनी कुरतडल्या, अन् लाइन रात्रीची येते." हे दोन्ही छापा, त्यावर त्याने काय उपाय केला तेही छापा. पुढच्या गिऱ्हाईकाला नेमकं तेच हवं असतं. विक्रीवाले कुरकुर करतील, करू द्या.

कच्चा मजकूर त्यालाच मराठीत वाचून दाखवा. फोटोची परवानगी तेव्हाच घ्या, आधी नाही. हंगाम संपल्यावर परत जा आणि आकड्याशेजारी साल टाका. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीही पोखरली; त्याआधीचं पत्रक बिनतारखेचं असेल, तर दुकानात ते आजही खरंच वाटेल.