बिनडिस्कचा सर्व्हर जागा होतो तेव्हा

२६ जुलै २००५ हा दिवस उल्हास नदीच्या काठचा माणूस विसरणार नाही. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ झाला. पण बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या तळमजल्यांवर काय झाले, ते ज्याचे त्याला ठाऊक. धान्य भिजले, गाद्या गेल्या आणि टेबलाखाली ठेवलेले संगणकही गेले. संगणक काय, नवा आणता येतो. पण त्यातली उधारीची खाती, रुग्णांच्या नोंदी, पगाराचे हिशेब नव्या खोक्याबरोबर येत नाहीत. खोके वेगळे आणि खोक्यातला माल वेगळा, हे अशा वेळी कळते.

मोठ्या संगणक केंद्रांनी या प्रश्नाचा विचार एका वेगळ्या बाजूने केला. यंत्र बिघडणारच, असे त्यांनी गृहीत धरले. मग यंत्राची ओळख यंत्रातच कशाला ठेवायची? ती बाहेर ठेवू, म्हणजे यंत्र मेले तरी काम मरणार नाही. ही युक्ती कशी चालते ते आज पाहू. अंबरनाथ-बदलापूरहून ठाणेमार्गे ऐरोली, रबाळे, महापेच्या बाजूला कामाला जाणारी मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. तिथे रात्रपाळी करणारा मुलगा नेमके काय करतो, हेही यातून थोडे उलगडेल.

आधी ‘ब्लेड सर्व्हर’ म्हणजे काय ते पाहू. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा देणारा संगणक. पूर्वी प्रत्येक सर्व्हरला स्वतःची पेटी, स्वतःचा पंखा, स्वतःचा वीजपुरवठा असे. २००१च्या सुमारास ब्लेडची कल्पना बाजारात आली. ब्लेड म्हणजे पाते. प्रोसेसर आणि मेमरी एवढेच घेऊन सर्व्हर पुस्तकासारखा चपटा केला आणि अशी पाती एका सामाईक पेटीत उभी किंवा आडवी सरकवली. वीज, पंखे, जोडण्या सगळ्यांना मिळून. या पेटीला चॅसिस म्हणतात. एचपी कंपनीच्या सी-७००० या चॅसिसमध्ये अशी १६ पाती बसत. सिस्कोने २००९ साली आणलेल्या यूसीएस या व्यवस्थेच्या पेटीत ८.

आता आपल्या घरचा संगणक सुरू होतो कसा? बटण दाबले की तो स्वतःचे अवयव तपासतो, मग आतल्या डिस्ककडे जातो आणि तिथून विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम उचलतो. यालाच बूट होणे म्हणतात. ब्लेडमध्ये मात्र डिस्क ठेवलीच नाही, तर? मग ते पाते एका खास कार्डाच्या साहाय्याने बाहेरच्या सामाईक साठवणीकडे जाते. या साठवणीच्या जाळ्याला ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’, म्हणजे थोडक्यात ‘सॅन’ म्हणतात. शेकडो डिस्क असलेले एक मोठे कोठार आणि तिथपर्यंत जाणारे वेगवान रस्ते, असे ते चित्र आहे.

पण कोठाराच्या दारात कोण आले हे ओळखायचे कसे? प्रत्येक कार्डाला १६ अंकाक्षरांचा एक क्रमांक असतो. त्याला ‘डब्ल्यूडब्ल्यूएन’ म्हणतात. वाटेवरचा स्विच हा क्रमांक पाहून ठरवतो की याला कोठाराच्या कोणत्या दारापर्यंत जाऊ द्यायचे. याला झोनिंग म्हणतात. मग कोठार तोच क्रमांक पाहून डिस्कचा नेमका कोणता तुकडा दाखवायचा ते ठरवते. या तुकड्याला ‘लन’ म्हणतात. पहारेकरी दोन आणि ओळखपत्र एक. दोघांचे समाधान झाले की पाते त्या तुकड्यावरून ऑपरेटिंग सिस्टिम उचलते आणि जागे होते.

इथे एक अडचण येते. हा क्रमांक कारखान्यात कार्डावर कायमचा कोरलेला असेल, तर पाते बदलले की क्रमांक बदलला. मग स्विचवर नवी नोंद, कोठारात नवी नोंद. मध्यरात्री, झोपेच्या डोळ्यांनी, १६ अंकाक्षरे टंकायची. एक अक्षर चुकले की दार उघडत नाही.

यावरचा तोडगा समजायला उल्हासनगरच्या बराकींकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. तिथल्या बराकी एकसारख्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्यांत राहू लागली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. भिंती सारख्याच, पण कुटुंबाची ओळख भिंतीवर नव्हती, ती त्यांच्या कागदांवर होती. कुटुंब दुसऱ्या बराकीत गेले तरी कागद बरोबर जात. ब्लेडचेही तसेच करतात. क्रमांक धातूवर न ठेवता व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका नोंदीत ठेवतात. सिस्कोच्या भाषेत ही नोंद म्हणजे ‘सर्व्हिस प्रोफाइल’. त्यात डब्ल्यूडब्ल्यूएन असतो, नेटवर्कचा मॅक क्रमांक असतो, बूट कुठून व्हायचे तो क्रम असतो. ही नोंद ज्या पात्याला जोडाल, ते पाते तो सर्व्हर होते. चौथे पाते बिघडले? नोंद तिथून सोडवायची आणि रिकाम्या असलेल्या आठव्या पात्याला लावायची. क्रमांक तेच, त्यामुळे पहारेकऱ्यांना फरक कळतच नाही. काही मिनिटांत तोच सर्व्हर नव्या अंगाने उठतो. भिजलेल्या खोक्यातून माल काढण्याची वेळच येत नाही, कारण माल खोक्यात नव्हताच.

एक-दोन पाती असतील तर नोंदी हाताने लिहिता येतील. पन्नास असतील तर? तेव्हा टेम्प्लेट लागते. आपल्या भागाला हे सांगायची गरज नाही. उल्हासनगर जीन्सच्या धंद्यासाठी ओळखले जाते. तिथला कटिंग मास्टर प्रत्येक पँट वेगळी मापत बसत नाही. तो पॅटर्न ठेवतो, कापडाचे थर लावतो आणि एकदम कापतो. टेम्प्लेट म्हणजे सर्व्हरचा पॅटर्न. बूटचा क्रम काय, नेटवर्कचे दुवे किती, क्रमांक कोणत्या साठ्यातून घ्यायचे, हे एकदा नीट ठरवायचे आणि त्यावरून हव्या तितक्या नोंदी काढायच्या. क्रमांक तेवढा प्रत्येकाला वेगळा मिळतो.

टेम्प्लेट दोन जातीचे असते आणि ही जात ओळखणे फार महत्त्वाचे. पहिल्या जातीत नोंद एकदा काढली की तिचा टेम्प्लेटशी संबंध संपला. पॅटर्न नंतर बदलला म्हणून शिवून गेलेली पँट बदलत नाही, तसे. दुसऱ्या जातीत संबंध तुटत नाही. टेम्प्लेटमध्ये केलेला बदल त्यावरून काढलेल्या सगळ्या नोंदींत आपोआप उतरतो. हे सोयीचे खरे, पण काही बदलांसाठी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. भर दुपारी कुणी असा बदल केला आणि ‘लगेच अमलात आणा’ अशी सोय चालू असली, तर सगळे सर्व्हर एकदम झोपतात! म्हणून जाणकार लोक ‘माणसाने होकार दिल्यावरच’ हा पर्याय ठेवतात आणि एकेक सर्व्हर करून बदल उतरवतात.

आणखी दोन पथ्ये. कोठारातला बूटचा तुकडा एकाच सर्व्हरला दाखवायचा. दोन सर्व्हर एकाच तुकड्यावर लिहू लागले, तर एका वहीत दोन कारकुनांनी एकमेकांना न विचारता हिशेब लिहिल्यासारखे होते. वही कुणाच्याच कामाची राहत नाही. दुसरे पथ्य, कोठाराकडे जाणारे रस्ते दोन ठेवायचे, वेगवेगळ्या स्विचमधून, आणि बूटच्या क्रमात दोन्ही लिहायचे. एक रस्ता बंद पडला की दुसरा हवा.

म्हणजे सगळे प्रश्न सुटले का? नाही, ते एका जागी गोळा झाले. आधी प्रत्येक पात्याची डिस्क वेगळी होती, एक गेली तर एकच सर्व्हर जाई. आता कोठार गेले तर सगळेच जाते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशानुसार, दोन केंद्रांमधले दूरसंचार दुवे रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामामुळे डळमळले आणि त्यातून मुख्य सॅन सर्व्हरच्या आवाक्याबाहेर गेली. सर्व्हर सुरू करण्याचा तो प्रश्न नव्हता, पण सामाईक कोठारावर सगळे अवलंबून असले की काय होते, हे त्यातून दिसले. दुवे एकाहून अधिक होते, कंपन्याही दोन होत्या. तरी हे घडले.

गेल्या काही वर्षांत पुष्कळ ठिकाणी पात्यातच एक छोटी डिस्क बसवून त्यावरून बूट करण्याची पद्धतही आली आहे. माल मात्र कोठारातच राहतो. क्लाऊडवर भाड्याने घेतलेल्या संगणकाची बूट डिस्कसुद्धा बहुतेक वेळा नेटवर्कवरच्या साठवणीत असते. साधने बदलतात, पण यंत्र आणि त्याची ओळख वेगळी ठेवावी हे तत्त्व टिकून आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना ब्लेड सर्व्हर घ्यायचा नाही. पण सोसायटीचे कार्यालय, पतपेढी, दवाखाना, शाळा यांच्याकडे एखादा संगणक असतोच. तो सांभाळणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. हा संगणक उद्या सकाळी सुरूच झाला नाही, तर काम किती वेळात आणि कशावर सुरू होईल? माहितीची दुसरी प्रत कुठे आहे, याच इमारतीत की पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी? आणि त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे करून पाहिले, असे शेवटचे कधी झाले? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला, तर पावसाळ्याची वाट पाहू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)